शेवटच्या पायरीपर्यंत

१२ फेब्रुवारी

धाकट्या भावाने आज आपल्या कार्यालयाच्या काचेवर नवी अक्षरे चिकटवून घेतली : ‘नाट्याभ्यास सहली’. त्यातला एक काना तिरका बसला होता. तो काढून पुन्हा लावा, असे मी सांगितले. चिकटवणारा म्हणाला, “अहो बाई, रस्त्यावरून जाणाऱ्याला थोडाच दिसणार आहे?” मी म्हटले, “मला दिसतो आहे.” काना सरळ झाला.

योजना अशी. परदेशातली प्राचीन ग्रीक नाट्यस्थळे पाहायला विद्यार्थ्यांचे गट न्यायचे. पण दगडांसमोर फोटो काढून परत आणायचे नाहीत, तर त्या दगडांत उभे करून बोलायला लावायचे. तिकिटे, मुक्काम, बस धाकट्याकडे; नाट्य माझ्याकडे. निवृत्तीनंतर लोक सकाळी बागेत फिरायला जातात. मला बागेत फिरणारी माणसे सहन होत नाहीत.

पहिला गट नाट्यशाळेच्या पूर्ववर्गाचा, बारा मुलांचा. त्यांच्यासाठी मी ग्रीक धाटणीची एक छोटी संहिता लिहिली आहे. बुडालेल्या जहाजातून वाचलेला एकच दूत किनाऱ्यावर येतो आणि वाट पाहत उभ्या असलेल्या आयांच्या वृंदाला बातमी सांगतो. ध्वनिक्षेपक नाही, संगीत नाही. दगड, हवा आणि माणसाचा गळा.

दूताचे काम एका मुलीला दिले. चणीने एवढीशी, आवाज बारीक पण तारेसारखा ताणलेला, आणि उच्चार इतके स्वच्छ की ओठांवरून अक्षर उचलून घ्यावे. वर्गात तिला चिमणी म्हणतात. संध्याकाळी तिचे वडील तिला घेऊन घरी आले. हिशेबतपासनीस आहेत, खुर्चीच्या कडेवर बसून बोलले.

“बाई, आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही तिला तिथे नेऊन बघा. पोरगी या कामाची आहे असं तुम्ही म्हणालात, तर नाट्यशाळेची तीन वर्षं मी हूं की चूं करणार नाही. नाही म्हणालात, तर माझ्या कचेरीत तिच्यासाठी टेबल तयार आहे. तुमचा शब्द शेवटचा.”

इतके सरळ बोलणारा पालक मला बऱ्याच वर्षांनी भेटला. मी माझी कसोटी सांगितली. मी सर्वात वरच्या, शेवटच्या पायरीवर डोळे मिटून बसते. आवाज पोहोचला तर हात मांडीवर. नाही पोहोचला तर रुमाल वर. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक नटाने तो रुमाल पाहिलेला आहे आणि माझ्या कानाशी आजवर कोणी वाद घातलेला नाही.

चिमणी दाराशी उभी राहून ऐकत होती. चेहरा उतरला होता. थोडी भीती नटाला हितकारक असते.

३ मार्च

तालमीसाठी मिळालेले सभागृह सदोष आहे. मागच्या रांगांवर पंख्यांची अशी घरघर असते की त्यात निम्मी वाक्ये बुडतात. मी दोन दिवस तिथे बसून पाहिले आणि नाइलाजाने पहिल्या रांगेत आले. तिथून सारे ठीक आहे. व्यवस्थापकाकडे तक्रार केली, तेव्हा त्याने पंखे बंद करून दाखवले. घरघर तशीच होती. “भिंतीत एखादे यंत्र असणार,” मी म्हटले. तो भिंतीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. आपल्याच इमारतीविषयी इतके अज्ञान!

चिमणी उत्तम. ‘किनाऱ्यावरच्या आयांनो, मी एकटीच परत आले आहे’ हे वाक्य ती आवंढा न गिळता म्हणते. आवंढा गिळणारे नट मला आवडत नाहीत; दुःख प्रेक्षकाने गिळायचे असते.

मात्र या पिढीला एक विचित्र सवय लागली आहे. मागून कोणी काही विचारले की समोर बसलेली चिमणी तेच पुन्हा म्हणते. नगाऱ्याने (हा वृंदातला सर्वात दणदणीत आवाजाचा मुलगा) विचारले असावे; मग चिमणी माझ्याकडे पाहून म्हणाली, “उद्या किती वाजता यायचं, असं विचारतोय हा.” अरे, मग त्याला विचारू दे की! वृंदात एकमेकांची वाक्ये उचलण्याचा हा परिणाम असेल. नट म्हणून ठीक. माणूस म्हणून कंटाळवाणे.

२१ मार्च

धाकटा हल्ली सगळ्या जगाशी ओरडून बोलतो. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, “सगळ्या जगाशी नाही गं ताई.” मग हसला आणि विषय बदलला. पन्नाशी उलटली तरी वाक्य पुरे करण्याचे वळण नाही.

बाकी जग त्याच्या उलट पुटपुटते. दुकानदार, बँकेतली मुलगी, दूरदर्शनवरचे वृत्तनिवेदक, सगळे. व्यंजने कोणालाच नको आहेत. ‘स’ आणि ‘श’ तर भाषेतून हद्दपारच झाले. यावर एक लेख लिहायला हवा.

५ एप्रिल

काल रात्री पोहोचलो. हॉटेल एका चढाच्या रस्त्यावर आहे. अरुंद जिना, स्वच्छ चादरी, खिडकीबाहेर झाडांची दाट रांग. माझ्या खोलीत घरघर आहे, म्हणजे इथेही भिंतीत यंत्रे.

सकाळी न्याहारीला मुले डोळे चोळत आली. नगारा म्हणाला, “बाई, पाखरांनी पहाटेपासून नुसता उच्छाद मांडलाय. झोपूच दिलं नाही.”

“कुठली पाखरे?”

“अहो, ही काय... आत्तासुद्धा...” तो खिडकीकडे हात करून थांबला. चिमणीने त्याच्या ताटात पाव ठेवला आणि म्हणाली, “खा तू.” मी खिडकीतून पाहिले. पाखरे होती खरी, फांद्यांवर. गप्प बसली होती.

मुलांना रात्री गप्पा मारायच्या असतात आणि सकाळी पाखरांवर ढकलायचे असते. पहिल्या दिवशी दटावणे बरे नव्हे.

६ एप्रिल

आज ते स्थळ पाहिले. पुन्हा पाहिले, असे म्हणायला हवे. सव्विसाव्या वर्षी, प्रबंधाच्या वेळी, मी इथे एकटी आले होते. डोंगराच्या उतारात कोरलेल्या पायऱ्यांचे अर्धवर्तुळ, खाली मोकळे गोल अंगण. त्या दिवशी मी शेवटच्या पायरीवर बसले होते आणि खाली अंगणात एक बाई मुलाच्या बुटाची नाडी बांधताना त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत होती. भाषा परकी, पण प्रत्येक स्वर माझ्याजवळ आला. त्या क्षणी मी ठरवले की आयुष्यभर हेच शिकवायचे.

आजची मार्गदर्शिका चुणचुणीत आहे. तिने आम्हा सर्वांना वर चढवले, स्वतः खाली अंगणाच्या मध्यावर उभी राहिली आणि डोक्यावर एक कोरा कागद धरला. मग तो फाडला.

मुलांनी एकदम श्वास घेतला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नगारा ओरडला, “आई शप्पथ! कानाशीच फाडल्यासारखा!”

मी काय पाहिले? एका कागदाचे दोन झाले.

“ताई, ऐकू आलं?” धाकट्याने विचारले. तो माझ्या तोंडासमोर येऊन विचारतो, ही त्याची नवी खोड.

“कागद फाटला की आवाज होतो, हे समजायला एवढा चढ चढण्याची गरज नव्हती.”

पण मी अस्वस्थ झाले आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. त्या स्त्रीचा आवाज मला आला होता आणि आज कागदाचा आला नाही. काहीतरी बदलले आहे. मी पायऱ्या तपासल्या. डाव्या बाजूला काही दगड नवे आहेत, कडा फारच धारदार. खाली येऊन मार्गदर्शिकेला विचारले, “दुरुस्ती कधी झाली?” तिने काही सांगितले. धाकटा म्हणाला, “ती म्हणतेय, फक्त ते डावं टोक, आणि तेही फार जुनं काम आहे.”

फक्त डावे टोक! ध्वनी हा एकसंध असतो. घागरीला एका जागी तडा गेला तरी सगळी घागर बद्द वाजते. मी मुलांना बसवून यावर एक छोटे व्याख्यान दिले. आपण येण्यापूर्वीच हे नाट्यस्थळ बिघडवले गेले आहे आणि जे ऐकू आल्यासारखे वाटते तो अपेक्षेचा परिणाम आहे, असे सिद्ध केले. मुले निमूट ऐकत होती. कोणी शंका विचारली नाही. चिमणी पायातल्या चपलेकडे पाहत होती.

शंका न विचारणारा वर्ग मला कधीच आवडला नाही.

७ एप्रिल

कसोटी घेतली. इतर प्रवासी येण्यापूर्वी सकाळची वेळ मिळाली होती. मी शेवटच्या पायरीवर, डोळे मिटून. वृंद माझ्या खालच्या पायऱ्यांवर इकडेतिकडे. खाली अंगणात एकेक जण.

आधी नगारा. आवाज जाडाभरडा, समज बेताची, पण पोहोचला. मग चिमणी.

मी वाट पाहिली. आणखी वाट पाहिली. शेवटी वाटले, मुलगी घाबरून गप्प उभी आहे. डोळे उघडले, तर तिचे ओठ हलत होते. ती वाक्याच्या मध्यावर होती. मी रुमाल वर केला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा रुमाल. तिसऱ्या वेळी तिने मान वर करून, शिरा ताणून म्हटले असावे, कारण मला एक पुसटशी रेघ ऐकू आली, शब्द नाहीत. रुमाल.

सगळे माझ्याकडे वळून पाहत होते. नगारा उठून वर आला. “बाई, मला तर तिचं सगळं ऐकू आलं. आवंढासुद्धा.”

“तुला तिचे संवाद पाठ आहेत. पाठ असलेले नेहमीच ऐकू येते. आणि आवंढा तिने गिळायचा नाही.”

“पण बाई...”

“दूताचे काम तू करशील. ती वृंदात जाईल.”

तो जागचा हलला नाही. “मला नको,” म्हणाला. एवढा मोठा मुलगा, डोळे पाणावलेले! मी त्याला सांगितले की नाटकात नको म्हणण्याचा अधिकार फक्त प्रेक्षकाला असतो.

खाली आल्यावर चिमणी समोर आली. रडली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवते.

“घसा फोडून बोलू का, बाई? मला येईल.”

“ओरडणे म्हणजे पोहोचणे नव्हे.”

“मग बाबांना काय सांगू?”

“ते मी सांगेन. परतण्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन येणार आहे.”

तिने मान हलवली. मग काय वाटले कोणास ठाऊक, म्हणाली, “सभागृहात तुम्ही डोळे मिटत नव्हतात, बाई.” उद्धटपणे नाही, एखादी गोष्ट कुठे ठेवली ते आठवावे तशी.

आता माझ्या मनाचा गोंधळ इथे स्वच्छ मांडते. दगड दोषी असतील, तर नगारा कसा पोहोचला? मुलगी दोषी असेल, तर नगाऱ्याला ती कशी ऐकू आली? मुले मैत्रिणीसाठी खोटे बोलत असतील, तर काल कागदासाठी का खोटे बोलली? कागद त्यांचा कोण लागतो? तिन्ही विधाने एकत्र बसत नाहीत. कुठेतरी चौथे विधान आहे आणि ते मला सापडत नाही. इतक्या सोप्या प्रमेयात मी याआधी कधी अडकले नव्हते.

८ एप्रिल

आजच्या दिवसाचा अर्थच लागत नाही.

संग्रहालयात गेलो होतो. मातीच्या मुखवट्यांच्या दालनात मी रमले. उघड्या तोंडांचे ते मुखवटे, प्रत्येकाच्या ओठांचा आकार वेगळा. मागे वळले तर दालन रिकामे. सकाळी ठरल्याप्रमाणे मी पूर्वेच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कोणीही आले नाही. ऊन तापले. एक पहारेकरी माझ्याशी काहीतरी बोलला आणि मी नुसतीच मान हलवल्यावर त्याने मला स्वतःची खुर्ची आणून दिली. माझ्या वयाच्या बाईला खुर्ची! मी बसले, हेही नोंदवते.

शेवटी धाकटा धापा टाकत आला. “ताई! अगं पश्चिमेच्या दाराशी जमायचं होतं. बस तिकडे लावली ना. मार्गदर्शिकेनं दोनदा सांगितलं.”

“मला कोणी सांगितले नाही.”

“सगळ्यांना एकत्रच सांगितलं, तू तिथेच होतीस. तुझ्या मागेच उभी राहून सांगितलं तिनं.” त्याने घाम पुसला. “आज चिमणी मागे मागे राहिली ना, त्यामुळे घोळ झाला. रोज तीच तुला सांगते.”

“काय सांगते?”

“काही नाही. चल, बस तापलीये.”

चिमणी मला रोज काय सांगते? मी बसमध्ये बसून आठवत राहिले. ती मला स्वतःचे असे कधीच काही सांगत नाही. दुसऱ्यांनी म्हटलेलेच पुन्हा म्हणत असते.

संध्याकाळी धाकटा खोलीत आला. खुर्ची ओढून समोर बसला. “परत गेल्यावर एकदा डॉक्टरांकडे जाऊ या का, ताई?”

“माझा गुडघा उत्तम आहे. चढ चढले मी.”

“गुडघ्याचं कोण बोलतंय!”

“मग कशाचे बोलतो आहेस?”

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. लहानपणी काचेचे भांडे फोडल्यावर असाच पाहायचा. “तुझ्याशी कुस्ती खेळायला माझ्यात दम नाही,” म्हणाला. “उद्या प्रयोग होऊ दे.” आणि गेला.

मुले जेवताना माझ्या टेबलाशी आली नाहीत. मी एकटी जेवले. आज दिवसभर कोणी माझ्याशी बोलले आणि काय बोलले, हे मला खात्रीने लिहिता येत नाही. हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे.

९ एप्रिल

प्रयोग झाला. कसा झाला, हे लिहायला मी योग्य व्यक्ती आहे की नाही ते ठाऊक नाही.

सकाळ निरभ्र. इतर प्रवासीही होते. पायऱ्यांवर तुरळक बसले. मी शेवटच्या पायरीवर गेले. माझ्यापासून हातभर अंतरावर एक अनोळखी परदेशी बाई येऊन बसली, माझ्याच वयाची, गुडघ्यांवर कापडी पिशवी. तिला आमची भाषा येण्याचा संभव नव्हता. मी डोळे मिटले.

वृंद सुरू झाला. तो जाणवतो, अकरा गळ्यांचा भार असतो त्याला. मग शांतता. आता नगाऱ्याचे वाक्य. आले नाही. मी मनात त्याच्या नावाने बोटे मोडली. तरी आले नाही. डोळे उघडले.

अंगणाच्या मध्यावर चिमणी उभी होती. नगारा वृंदात, आयांच्या रांगेत, खाली मान घालून. माझी आज्ञा सर्वांनी मिळून मोडली होती. मी रुमाल वर केला. चिमणीने तो पाहिला. तिथून स्पष्ट दिसतो. तरी तिचे ओठ हलत राहिले. मी हात आणखी उंच केला.

तेव्हा शेजारच्या बाईने माझे मनगट धरले आणि हळूच खाली घेतले. नजर माझ्याकडे नव्हतीच. तिला समोरचे नीट दिसत नव्हते, एवढाच माझा तिला त्रास. ती पुढे झुकली होती, तोंड किंचित उघडे. चिमणीचे ओठ थांबले की या बाईचा श्वास थांबे. चिमणी बोलू लागली की हिचे बोट पिशवीच्या पट्ट्याभोवती गुंडाळले जाई. मग तिने मनगटाने डोळे पुसले.

तिला शब्द येत नव्हते. संवाद पाठ नव्हते. चिमणी तिची कोणी नव्हती. तिच्यापर्यंत काहीतरी आले होते. माझ्यापर्यंत आले नव्हते. आम्हा दोघींत हातभर अंतर होते आणि दगड तोच होता.

मी उठले. प्रयोग चालू असताना मी आयुष्यात कधी उठलेले नाही. मी एक पायरी उतरले आणि थांबले. काही नाही. आणखी उतरले. घरघर होती, ती माझ्याबरोबरच खाली येत होती. अर्ध्या वाटेवर एक तलम रेघ सुरू झाली, झुळुकीसारखी, जिला ना आरंभ ना शेवट. आणखी खाली आल्यावर तिला गाठी पडू लागल्या. मग एक गाठ ‘आयांनो’ झाली. मी जिथे थांबले तिथून चिमणीच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

वृंदाने मला उतरताना पाहिले होते. मी प्रयोग बंद पाडायला येत आहे, अशी सगळ्यांची खात्री झाली असणार. रांगेत एकीने दुसरीचा हात धरला. चिमणी क्षणभर थांबली. मग तिने श्वास घेतला आणि पुढचे वाक्य मला पाहत म्हटले, आधीपेक्षा सावकाश, प्रत्येक अक्षर ओठांवर आणून. बुडालेल्यांची वर्णने आहेत तिथे : एकाच्या हातात दोर होता, एक आईला हाक मारत नव्हता कारण त्याला पोहता येते असे त्याला वाटत होते. मीच लिहिलेली वाक्ये. मी ती प्रथमच ऐकत असल्यासारखी उभी राहिले, आणि मग खाली बसले.

संपल्यावर वरून टाळ्या वाजल्या. हात हललेले दिसले. नगारा पुढे आला. “बाई, शिक्षा करायची तर मला करा. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, पण सुरुवात माझी.”

“शिक्षेचे नंतर पाहू. वृंदाच्या तिसऱ्या ओळीत तुझा श्वास चुकला.”

“तेही ऐकू आलं तुम्हाला?” त्याचे डोळे विस्फारले.

“दिसले,” मी म्हटले.

चिमणीशी काय बोलावे ते ठरले नव्हते. धाकटा थोड्या अंतरावर उभा होता. मी त्याला बाजूला नेले आणि म्हटले, “माझ्याकडे पाठ कर आणि काहीतरी बोल.”

“आत्ता? इथे?”

“बोल.”

तो वळला. त्याचे खांदे हलले. मी वाट पाहिली. तो पुन्हा समोर आला, तेव्हा त्याचा चेहरा मला पाहवला नाही.

“काय म्हणालास?”

“दोन वर्षांपासून जे म्हणतोय तेच,” तो म्हणाला, आणि या वेळी ओरडला नाही.

१० एप्रिल

बॅगा भरून खाली आणल्या. पायऱ्यांविषयीच्या त्या व्याख्यानाची टिपणे फाडली. मार्गदर्शिकेला भेटून सांगितले की डाव्या टोकाच्या दुरुस्तीविषयी माझे मत घाईचे होते. ती गोड हसली. बहुधा तिला ते मत काय होते हेही ठाऊक नव्हते.

दुपारी हॉटेलच्या खालच्या दालनात चिमणीच्या वडिलांचा फोन आला. तिने तो माझ्या हाती दिला आणि जाऊ लागली. मी तिला थांबवले. रात्रभर वाक्य तयार केले होते. ते म्हटले : “तुमच्या मुलीचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतो.”

पलीकडून ते काहीतरी बोलले. डब्यात खडे हलवावेत तसे. मी “हो” म्हणू शकले असते. कित्येक महिने मी बहुतेक असेच “हो” म्हणत आले असेन. कशाकशाला, देव जाणे.

मी फोन तिच्यापुढे धरला. “ते काय विचारतात ते ऐक. आणि माझ्याकडे तोंड करून सांग.”

तिने ऐकले. समोर उभी राहिली. या वेळी ती वाक्य सांगायला कचरली, म्हणून मी मान हलवली.

“बाबा विचारताहेत, तुम्ही स्वतः तिथे बसून ऐकलंत ना?”

हिशेबतपासनीसच तो. मूळ पावती मागणारच. आणि पावती मागणे योग्यच आहे; मीही मागितली असती. “त्यांना सांग,” मी म्हटले, “बाईंना शेवटच्या पायरीवर काही ऐकू आले नाही. बाईंच्या शेजारी एक परकी स्त्री होती, जिला आपल्या भाषेतले अक्षर कळत नव्हते. तिला आले. बाईंना ते ऐकायला खाली यावे लागले, फार खाली, आणि त्यात मुलीचा दोष नाही.”

ती बघतच राहिली. “असं सांगू? बाई, नुसतं हो म्हणालात तरी...”

“एकही शब्द गाळू नकोस.”

तिने फोन कानाला लावला आणि संकोचून खिडकीकडे वळली. बराच वेळ बोलत होती. मला पाठ दिसत होती, वेणीचा शेपटा, मधूनच हवेत उठणारा एक हात. तिने माझे सगळे शब्द सांगितले की मला सांभाळून घेतले, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. दूतावर विश्वास ठेवण्यावाचून किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाती काही नसते, असे मी वर्षानुवर्षे शिकवले. आज पहिल्यांदा किनाऱ्यावर उभी होते.

तिने फोन बंद केला. डोळे ओले, पण तोंडभर हसू.

“बाबा म्हणाले, हिशेब काही नीट जुळत नाहीये, पण शब्द दिला म्हणजे दिला. प्रवेशाचा अर्ज भर म्हणाले.”

मी तिला अभिनंदन म्हणायला हवे होते. त्याऐवजी म्हटले, “अर्जावर तारीख नीट लिही.”

“हो, बाई.” ती जिन्याकडे निघाली, अर्ध्यावरून परत आली आणि अगदी माझ्या समोर येऊन उभी राहिली. “पण आता पुढच्या गटाच्या वेळी शेवटच्या पायरीवर कोण बसणार?”

सगळा प्रश्न, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, मला कळला. मी तिला म्हटले, बस इथे, विचार करू. आम्ही दोघी बॅगांवर बसलो. अजून काही सुचलेले नाही.